घरच्या सुतारकामाच्या कारखान्यातील धूळ : तिला कुठे पकडावे?

आमच्या वाचकांत फर्निचर, दारे-खिडक्या आणि कोरीव काम करणारे कारागीर बरेच आहेत. त्यांतले कित्येक जण घराला लागून असलेल्या पडवीत, गाळ्यात नाही तर गच्चीवरच्या पत्र्याखाली काम करतात. लाकडाचा भाव, मजुरी, पॉलिशचा खर्च यांवर दोन कारागीर भेटले की चर्चा होते. धुळीवर होत नाही. धूळ म्हणजे या धंद्याचा हिस्साच, असे सगळे धरून चालतात. आम्हीही तसेच धरून चाललो होतो.

आमच्या घरामागच्या पडवीत १० बाय १२ फुटांच्या जागेत कटर बसवलेले टेबल, एक प्लेनर, एक राउटर आणि हातातला सँडर एवढा पसारा आहे. लागोपाठ दोन हिवाळे अम्मींचा खोकला हटेना. औषधे झाली, काढे झाले. शेवटी डॉक्टरांनी छाती तपासता तपासता सहज विचारले, "तुमचा कारखाना झाडतं कोण?" आम्ही गप्प झालो. मशीन चालवताना आमच्या तोंडावर निदान रुमाल असे. संध्याकाळी आम्ही हातपाय धुऊन बाहेर पडलो की अम्मी केरसुणी घेऊन पडवी झाडत आणि त्यांच्या तोंडावर काहीच नसे. कारखान्यातली सगळ्यात वाईट हवा रोज त्यांच्याच वाट्याला येत होती.

त्यानंतर दीड वर्षात धूळ ओढण्याची व्यवस्था आम्ही तीनदा केली. पहिल्या दोन वेळा पैसे वाया गेले. ते का गेले आणि तिसऱ्यांदा काय जमले, हे वाचक बांधवांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे सविस्तर देत आहोत.

दिसते ती धूळ आणि न दिसणारी धूळ

प्लेनरचा छिलका आणि करवतीचा जाड भुसा जमिनीवर पडतो, पायाला लागतो, म्हणून त्याचाच राग येतो. पण तो फुप्फुसापर्यंत जात नाही. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. १० मायक्रॉनपेक्षा बारीक कण नाकातल्या केसांना आणि घशाला चुकवून आत उतरतात. ते डोळ्यांना दिसतही नाहीत. शिवाय ते लवकर खाली बसत नाहीत. पंखा बंद असलेल्या खोलीत ५ मायक्रॉनचा कण डोक्याच्या उंचीवरून जमिनीवर यायला तासभर घेतो. २ मायक्रॉनचा कण पाच-सात तास तरंगत राहतो. म्हणजे दुपारी सँडर चालवला आणि रात्री मुले पडवीत अभ्यासाला बसली, तर त्यांच्या वहीभोवती दुपारचीच धूळ फिरत असते.

इंग्लंडमध्ये हाय विकम नावाचे खुर्च्या बनवणारे गाव आहे. तेथे नाकाच्या एका दुर्मीळ कर्करोगाचे रोगी फर्निचर कारागिरांतच जास्त सापडतात, हे नाक-कान-घशाच्या डॉक्टर एस्मे हॅडफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात दाखवून दिले. पुढे १९९५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग करते हे सिद्ध झालेल्या पदार्थांत टाकली. हा पुरावा मुख्यतः कठीण लाकडांबद्दलचा आहे, आणि आपला साग व शिसव कठीण लाकडांतच मोडतात. घाबरून जाण्याचे कारण नाही. हा रोग विरळा आहे आणि त्यामागे वर्षानुवर्षांची धूळ असते. रोजचा त्रास निराळा असतो. दमा, वाहते नाक, सागाच्या किंवा शिसवीच्या धुळीने हाताला व मानेला उठणारी खाज, हे पुष्कळांच्या अंगवळणी पडलेले आहे. एमडीएफ कापताना धुळीबरोबर त्यातला चिकट रसायनाचा अंशही येतो. त्याची धूळ साध्या लाकडापेक्षा फार बारीक असते, ते हाताला लगेच कळते.

पहिल्या दोन चुका

पहिल्यांदा आम्ही भिंतीत मोठा एग्झॉस्ट पंखा बसवला. पाती फिरतात, वारा बाहेर जातो, मग धूळही जाईल, असा हिशोब केला होता. जी धूळ पंख्यापर्यंत पोचली ती गेली. पण वाटेत ती आमच्या नाकासमोरूनच गेली. मग त्या पंख्याला पाइप जोडून पाहिला, तर ओढ जवळजवळ नाहीशीच झाली. पात्यांचा पंखा मोकळ्या जागेत भरपूर हवा हलवतो, पण पाइपाचा अडथळा त्याला सोसत नाही. त्या कामाला गोगलगाईसारख्या घराचा सेंट्रिफ्युगल ब्लोअर लागतो.

दुसऱ्या वेळी आम्ही मुंबईला नागदेवी स्ट्रीटवर फिरून एका दुकानातून पिशवीवाला डस्ट कलेक्टर आणला. दुकानदार सारखे हॉर्सपॉवर सांगत होता, आम्हीही हॉर्सपॉवरच ऐकत होतो. सोबत त्याने अडीच इंची वळ्यावळ्यांचा होज पाइप दिला, वीस फूट. तो सगळ्या मशीनपर्यंत पोचे, म्हणून आम्हाला फारच सोयीचा वाटला. मशीन चालू केले तर छिलका अर्ध्यावर अडकू लागला आणि वरच्या कापडी पिशवीतून बारीक धूळ पिठासारखी खोलीभर उडू लागली. खोलीतली जाड धूळ गोळा करून तिच्यातली बारीक तेवढी परत हवेत सोडणारे यंत्र आम्ही विकत घेतले होते. दोष सगळा दुकानदाराचा म्हणता येणार नाही. आम्ही विचारलेच चुकीचे.

हॉर्सपॉवरच्या आधी तोंड

हे समजण्यासाठी एक साधा प्रयोग घरी करून पाहावा. हातभर अंतरावर मेणबत्ती लावा. फुंकर मारली की ती विझते. आता तितक्याच अंतरावरून श्वास आत ओढून ती विझवून दाखवा. ज्योत हलतसुद्धा नाही. फुंकलेली हवा एका दिशेने झोतासारखी जाते, पण ओढलेली हवा चहूबाजूंनी येते. म्हणून ओढणाऱ्या तोंडाची ताकद अंतराबरोबर झपाट्याने पडते. चार इंची तोंडापासून चार इंच दूर गेलो की हवेचा वेग तोंडाजवळच्या वेगाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी उरतो. कटरच्या पात्यापासून एक फुटावर पाइप टांगून ठेवणे म्हणजे न टांगल्यासारखेच.

१९४८ च्या कारखाने अधिनियमात धुळीबद्दल १४ वे कलम होते. धूळ जिथे उत्पन्न होते त्या जागेच्या शक्य तितके जवळ ती ओढण्याचे साधन लावावे आणि ती जागा शक्य तितकी बंदिस्त करावी, असे त्यात सांगितले होते. घरगुती पडवीला तो कायदा लागू नव्हता, पण त्यातली अक्कल लागू होती. आमचा सगळा खर्च याच एका ओळीवर यायला हवा होता.

कटर उलटा बसवलेल्या टेबलाखाली आम्ही प्लायचा बंद खोका केला. त्याचा तळ उतरता ठेवून खालच्या टोकाला चार इंची तोंड दिले. मोटारला गार हवा लागते, म्हणून समोरच्या बाजूला हाताच्या तळव्याएवढी फट मुद्दाम सोडली. ही फट विसरू नये. आत हवा यायची वाटच नसेल, तर ब्लोअर ओढणार तरी काय? खोका केल्यावर टेबलाखालची धूळ जवळपास संपली, पण पात्याचे दात वरून तोंडाकडे थोडी धूळ फेकतातच. त्यासाठी पात्याच्या गार्डला दीड इंची दुसरा पाइप लावावा लागला. प्लेनरला छिलका बाहेर पडतो त्या तोंडावरच पत्र्याची टोपी बसवली. उघड्या तोंडाभोवती दोन-तीन इंच रुंदीची प्लायची चौकट लावली तर मागून फुकट येणारी हवा अडते आणि समोरची ओढ सुधारते. हा सगळा टाकाऊ प्लायचा उद्योग आहे, एका दुपारी होतो.

सँडिंग हा या कामातला सर्वात वाईट प्रकार, आणि बहुतेकांचे दुर्लक्ष इथेच होते. यंत्राच्या सँडरला भोकांची तबकडी असेल, तर पॉलिश पेपरची भोके तिच्यावर नीट जुळवावीत. घाईत पेपर तिरका चिकटला की ओढ बंद झालीच म्हणून समजा. हाताने पेपर मारणाऱ्यांसाठी खालून ओढणारे टेबल करता येते. दोन बाय तीन फुटांचा खोका करावा, वर भोके पाडलेला प्लाय आणि खाली चार इंची पाइप. इथे आमच्या शागीर्दाने हौसेने पाचशे भोके पाडली आणि ओढ हाताला लागेना. हिशोब असा आहे. १० मिलिमीटरची शंभर भोके मिळून एका चार इंची पाइपाच्या तोंडाएवढी जागा होते. दीडशे-दोनशेच्या पुढे गेलात की प्रत्येक भोकाच्या वाट्याला वारा उरत नाही. पाचशे पडलीच असतील, तर कामाच्या तुकड्याबाहेरची भोके जुन्या सनमायकाने झाकून टाकावीत. आम्ही तेच केले.

पाइप

लाकडाचा भुसा पाइपात खाली न बसता वाहत जायचा असेल, तर हवेचा वेग सेकंदाला सुमारे २० मीटर हवा, म्हणजे मिनिटाला ४००० फूट. त्या वेगाने चार इंची पाइपातून मिनिटाला सुमारे ३५० घनफूट हवा जाते, तीन इंचीतून २०० च्या आसपास आणि दोन इंचीतून ९० सुद्धा नाही. यावरून आमचा अडीच इंची होज का अडला, ते लक्षात येईल. ब्लोअर भरपूर हवा हलवतो, पण त्याच्यात जोर कमी असतो. व्हॅक्युम क्लीनर नेमका उलटा, हवा थोडी आणि जोर जास्त. म्हणून बारीक होजवर चालणारे सँडर, राउटर व्हॅक्युमला आणि कटरचे टेबल, प्लेनर ब्लोअरला, अशी वाटणी करावी. एकाने दोघांचे काम होत नाही.

पाइपासाठी परदेशी सामान शोधत बसू नये. आपल्याकडे संडासाच्या लाइनीला वापरतात तो ११० मिलिमीटरचा एसडब्ल्यूआर पाइप कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो आणि तो साधारण चार इंचीच आहे. आतून गुळगुळीत असतो. वळ्यावळ्यांचा होज त्याच्या तिपटीच्या आसपास अडथळा करतो, म्हणून तो मशीनजवळ हालचालीपुरता दोन-तीन फूटच ठेवावा. काटकोनी एल्बोऐवजी ४५ अंशांचे दोन जोड घ्यावेत. फाट्याला टी नको, वाय हवा, आणि वायचे तोंड हवेच्या प्रवाहाच्या दिशेनेच. प्लंबर उलट बसवतात, त्यांची चूक नाही, पाणी कसे वाहते तेवढेच त्यांना ठाऊक. जोड सिमेंटने कायमचे चिकटवू नयेत, टेप पुरते. पडवीची मांडणी वर्षात दोनदा बदलतेच.

प्रत्येक फाट्यावर सरकती झडप लावावी. प्लायच्या दोन तुकड्यांमध्ये अॅक्रिलिकची पट्टी सरकवली की ती घरीच होते. एका वेळी एकच झडप उघडी ठेवायची. दोन उघडल्या तर दोन्हीकडे ओढ अपुरी पडते. ही शिस्त घरात लावायला मशीन बसवण्यापेक्षा जास्त दिवस लागले.

ब्लोअरबद्दल आता थोडक्यात. पाइपाची लांबी पंधरा फुटांच्या आत असेल तर १ हॉर्सपॉवर चालतो, त्यापुढे २ घ्यावा. डब्यावर छापलेला हवेचा आकडा पाइप आणि पिशवी न लावता काढलेला असतो, त्यातून निम्म्यावर भरवसा ठेवावा. प्लेनर आणि ब्लोअर एकाच वेळी चालणार, तेव्हा दोघांची मिळून विजेची ओढ वायरमनकडून आधी तपासून घ्यावी. घरातल्या साध्या बोर्डावर हा भार टाकू नये.

हवा कुठे सोडावी

पुस्तके आणि व्हिडिओ थंड देशांतून येतात. तेथे खोली तापवलेली असते, म्हणून हवा बाहेर सोडणे परवडत नाही. गाळून ती परत आत घेतात आणि त्या गाळणीवर फार खर्च होतो. आपल्याकडे ही अडचणच नाही. आमची पडवी १० बाय १२ फूट, उंची ९ फूट, म्हणजे १०८० घनफूट. मिनिटाला ३५० घनफूट बाहेर सोडले, तर तीन मिनिटांत खोलीभर हवा बदलते. ब्लोअर आणि पिशवी दोन्ही आम्ही बाहेर, बोळाच्या बाजूला पत्र्याच्या छपराखाली हलवली. तिसऱ्या वेळचे यश निम्मे या एका गोष्टीचे आहे. आवाजही बाहेर गेला. दुसरा फायदा आम्हाला आधी सुचला नव्हता. पडवीतली हवा बाहेर ओढली जात असल्यामुळे आता घरातली हवा पडवीत येते. पूर्वी पडवीतली धूळ घरात जाई. स्वयंपाकघरातल्या भांड्यांवरचा भुरका थांबला, हे अम्मींनीच पहिल्यांदा सांगितले. मात्र लगतच्या बाथरूममध्ये गॅसचा गिझर असेल, तर सावध राहावे. ओढ जोराची असेल आणि खिडक्या बंद असतील, तर त्याचा विषारी धूर उलटा आत येऊ शकतो. ब्लोअर चालू असताना समोरची खिडकी उघडी हवी.

दाट वस्तीत हवा नुसती बाहेर सोडून चालणार नाही. शेजाऱ्यांचे कपडे वाळत असतात. ३० मायक्रॉनची स्वस्त कापडी पिशवी काढून ५ मायक्रॉनची, जमल्यास १ मायक्रॉनची घ्यावी. पिशवीच्या आधी ड्रम ठेवला तर पिशवी लवकर भरत नाही. घट्ट झाकणाच्या लोखंडी ड्रममध्ये येणारा पाइप कडेने फिरता सोडायचा, जाणारा मधून घ्यायचा आणि मध्ये प्लायची चकती टाकून दोन-तृतीयांश घेरात बोटभर फट ठेवायची. जड भुसा फटीतून खाली पडतो. थोडी ओढ यात खर्च होते, पण प्लेनर असणाऱ्याने हे केलेच पाहिजे. पातळ प्लॅस्टिकचे पिंप वापरू नये, ओढीने ते चिपडते. ड्रम पाऊण भरला की रिकामा करावा.

मास्क आणि दाढी

सगळे करूनही थोडी धूळ राहते, तेव्हा मास्क हवा. रुमाल बारीक धूळ अडवत नाही. भारतीय मानक आयएस ९४७३ प्रमाणे एफएफपी-२ दर्जाचा मास्क घ्यावा. पण दाढी ठेवणाऱ्या बांधवांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हा मास्क चेहऱ्याला सर्व बाजूंनी चिकटला तरच काम करतो, आणि दाढीवर तो चिकटत नाही. हवा केसांमधून वाट काढते. त्यांच्यासाठी डोक्यावरून टोपरे घालून मोटारीने गाळलेली हवा देणारे साधन मिळते, मात्र ते महाग आहे. म्हणून दाढीवाल्या कारागिराने मास्कवर कमी आणि यंत्राजवळच्या ओढीवर जास्त विसंबावे. आम्ही याच वर्गात मोडतो.

झाडण्याबद्दलही सांगायचे आहे. आमच्याकडे आता कोरडी केरसुणी पडवीत येतच नाही. जमीन व्हॅक्युमने साफ होते, नाही तर ओला भुसा पसरून मग गोळा करतो. काम संपल्यावर कॉम्प्रेसरच्या हवेने कपडे झटकण्याची सवय अनेक ठिकाणी आहे, ती मात्र आजच बंद करावी. जमिनीवर बसलेली धूळ त्याने परत नाकापर्यंत येते.

आग

लाकडात राहिलेला खिळा पात्याला लागला की ठिणगी पाइपातून थेट पिशवीत जाते. जुने लाकूड आधी तपासून घ्यावे. ग्राइंडर या लाइनीला कधीही जोडू नये. संध्याकाळी ड्रम बाहेर काढून पाहावा. अळशीच्या तेलाच्या पॉलिशच्या चिंध्या भुशात टाकू नयेत, त्या आपोआप तापून पेट घेतात. त्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात. पीव्हीसी पाइपात स्थिर वीज साठते आणि हिवाळ्यात चटका बसतो. पाइपावर उघडी तांब्याची तार गुंडाळून ती अर्थिंगला जोडली की चटका कमी होतो. प्लाय आणि एमडीएफचा भुसा चुलीत जाळू नये, त्याचा धूर वाईट. साध्या लाकडाचा छिलका कोंबड्यांच्या शेडवाले घेऊन जातात.

पिशवी भरली हे कसे कळावे

पिशवी आतून बुजली की ओढ हळूहळू कमी होते आणि रोज तिथेच काम करणाऱ्याला ते कळत नाही. गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी दोन हात घ्यावी, यू आकारात फळीवर ठोकावी, आत रंगीत पाणी भरावे. नळीचे एक टोक ब्लोअर आणि पिशवी यांच्यामध्ये बारीक भोक पाडून खोचावे, दुसरे मोकळे सोडावे. पिशवी नवीन असताना दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या उंचीत जो फरक दिसतो तेथे खूण करावी. फरक दुप्पट झाला की पिशवी बाहेर नेऊन, वाऱ्याकडे पाठ करून झटकावी. पावसाळ्यात हा फरक लवकर वाढतो. ओलसर हवेत धूळ कापडाला चिकटून बसते, म्हणून जून ते सप्टेंबर आम्ही दर आठवड्याला नळी पाहतो, एरवी महिन्याला. खोलीतली ओढ पाहायची तर रात्री दिवे मालवून टॉर्चचा झोत मशीनच्या तोंडासमोर धरावा. झोतात तरंगणारे कण दिसतात आणि ते कुठल्या फटीतून सुटतात, तेही दिसते. अगरबत्तीचा धूर झडपेजवळ नेला तर गळतीची जागा सापडते. आमच्या लाइनीत पहिल्या रात्री अशा सात जागा निघाल्या. त्यांतल्या पाच प्लंबरने उलट्या बसवलेल्या वायच्या जोडांवर होत्या.